चावी दिलेली डिस्क

३ फेब्रुवारी

चिमटे,

सात वर्षांनी मामाचं अक्षर बघून कुणीतरी गेलं असं समजून पाकीट फोडलं असशील. कुणी गेलेलं नाही. गेलाच तर तुझा कॉम्प्युटर जाईल, म्हणून लिहितो आहे.

जिन्याखालच्या कोपऱ्यात तू तो जसा ठेवून गेलीस तसाच आहे. फक्त फार म्हातारा झाला. बटण दाबतो, दाढी करतो, आंघोळ करून येतो, तरी पडद्यावर आपला गोल फिरतोच आहे. चौकातल्या मोबाइलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, हार्ड डिस्क काढून टाका, एसएसडी बसवा, आता घरात हार्ड डिस्क कुणी ठेवत नाही. मी म्हटलं, घड्याळजीही आता कुणी ठेवत नाही, म्हणून काय मी स्वतःला काढून टाकू? तो नुसता हसला. उंटावरचा शहाणा आहे, पण मनाचा वाईट नाही.

तर तू या कामातली माणूस. मेलेल्या डिस्का उघडून त्यातलं बाहेर काढतेस, असं तुझ्या शाळेतल्या बाईंनी मागे रस्त्यात थांबवून सांगितलं होतं. म्हणून विचारतो. घरच्या वापराला काय बरं, हार्ड डिस्क की ती दुसरी? मला फार काही लागत नाही. जुन्या घड्याळांचे नकाशे अधूनमधून बघतो, तेवढंच.

जुनी मढी उकरायला हे पत्र लिहिलेलं नाही, हे आधीच सांगतो. आणि उत्तर लिहूनच पाठव. फोनवर असलं काही मला समजत नाही.

मामा


११ फेब्रुवारी

ती. मामा,

पत्र मिळालं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिते.

हार्ड डिस्कमध्ये काचेसारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला हजारो फेरे फिरत असतात. त्यांच्यावर एक बारीक दांडा तरंगत राहतो आणि हवं ते शोधतो. तबकडी आणि दांडा यांच्यात केसाएवढीही जागा नसते. एसएसडीमध्ये हलणारं काहीच नाही. म्हणून ती वेगवान असते, आवाज करत नाही, पडली-आपटली तरी फारसं बिघडत नाही. ढीगभर फोटो किंवा सिनेमे साठवायचे असतील तर कमी पैशात जास्त जागा हार्ड डिस्कच देते. पुष्कळ लोक दोन्ही बसवतात, रोजच्या कामाला एसएसडी आणि साठवणीला हार्ड डिस्क. तुम्हाला साठवायचं काही नाही. एसएसडी घ्या.

तिचेही दोष आहेत. ती जाते तेव्हा बहुतेक वेळा न सांगता जाते. आणि वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात पडून राहिली तर त्यातलं विसरू शकते. हार्ड डिस्क मरण्याआधी सहसा कुरकुर करते. तुमची त्याच वाटेवर दिसते. आवाज कसा येतो तेवढं कळवा, कर्कर, टकटक की शिट्टी. आणि सारखी चालू-बंद करू नका. दरवेळी सुरू होताना ती थोडी झिजते.

माझं काम ठीक चाललं आहे. फोन केलात तर हे सगळं पाच मिनिटांत सांगता आलं असतं. नंबर तोच आहे.

तुमची भाची


१९ फेब्रुवारी

चिमटे,

दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा तुझ्या पत्रापेक्षा जास्त जिव्हाळा असतो. पण उत्तर आलं हे काय कमी आहे.

तुझी एसएसडी काही माझ्या गळी उतरत नाही. ज्यात हलणारं काही नाही त्याची तब्येत बघायची कशी? घड्याळ तळहातावर घेतलं की मला कळतं, हे दमलंय, याला तेल हवंय, याला पाडलंय आणि मालक कबूल होत नाही. तुझी ती वस्तू तळहातावर घेतली तर काय कळणार? पी हळद आणि हो गोरी, असला वेग घेऊन मला कुठे जायचं आहे? तो गोल फिरत असतो तेवढा वेळ मला बरं वाटतं, असं म्हटलं तर हसशील.

आणि मरण्याआधी कुरकुरते म्हणतेस, तर मला हार्ड डिस्कच बरी. जाण्याआधी सांगते तरी.

तू विचारलंस त्याचं उत्तर. पेटीच्या डाव्या अंगाला हात ठेवला की दोन ठोके येतात. मग खंड. मग पुन्हा दोन. मग दांडा कुठेतरी लांब जाऊन आल्यासारखी एक ओढ. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी पावलं टाकल्यासारखं सरळ चालायचं.

चालू-बंद करू नका म्हणतेस. हे मला आधी माहीत हवं होतं.

या आठवड्यात एकच गिऱ्हाईक आलं, तेही सेल बदलायला. खिडकीजवळचं टेबल तसंच आहे. स्क्रूड्रायव्हर, चिमटे सगळं हाताशी लावून मी बसतो आणि रस्ता बघतो. पोस्टात जायला मात्र आता कारण मिळालं. तिथल्या बाईंना वाटतं मी कुठल्यातरी खटल्यात अडकलो आहे. तुझ्या खोलीला खिडकी आहे का?

मामा


२८ फेब्रुवारी

ती. मामा,

'जाण्याआधी सांगते तरी' हे वाक्य मला लागलं. मी सांगूनच गेले होते. दारात बॅग घेऊन उभी राहिले आणि दोनदा म्हटलं, 'मामा, निघते.' तुम्ही डोळ्यावरचं भिंग काढलं नाहीत, मानही वर केली नाहीत. आई गेल्यावर मी सहा वर्षांची तुमच्याकडे आले, तुम्ही मला वाढवलंत, आणि तुमच्या टेबलावर बसायचं सोडून मी दुसरीकडे काम धरलं हा माझा गुन्हा. मला तो मान्य आहे. पण न सांगता गेले असं नका म्हणू.

पहिल्या वर्षी दर रविवारी फोन करत होते. तुम्ही एकदाही उचलला नाहीत, मग मी सोडून दिलं. तुमचं पत्र आल्यावर या महिन्यात पुन्हा तीनदा केला. नुसता वाजत राहिला. दिवसभर तुम्ही फोनपासून चार पावलांवर बसलेले असता. इतका राग असेल तर डिस्कच्या निमित्तानं तरी कशाला लिहायचं?

असो. सोबत एसएसडी पाठवते आहे. सगळं भरून दिलं आहे, बसवली की कॉम्प्युटर चालू होईल. कशी बसवायची त्याचं चित्र काढलं आहे. हिला धक्क्यांची भीती नाही म्हणून पोस्टानं येते. नवी हार्ड डिस्क असती तर मी पोस्टाच्या भरवशावर सोडली नसती, हातात घेऊन यावं लागलं असतं. म्हणजे तुमचीही सोय झाली आणि माझीही.

जुनी डिस्क मात्र आता अजिबात चालू करू नका आणि फेकूही नका. आपली घड्याळांची वही त्यातच आहे. तुम्ही सांगायचात आणि मी टाइप करायची, दोन वर्षं, सवड मिळेल त्या संध्याकाळी. तीनशेअकरा घड्याळं झाली होती. दुसरी प्रत कुठेही नाही. ती डिस्क मला पाठवा. तिला आधीच घरघर लागली आहे, तेव्हा पोस्टाची जोखीम घेऊ.

खोलीला खिडकी आहे. समोर भिंत आहे.

तुमची भाची


१५ मार्च

चिमटे,

एसएसडी बसवली. तुझं चित्र झकास होतं, पण लागलं नाही. चार स्क्रू, तेही हत्तीच्या पायाला लावावेत एवढाले. आयुष्यभर तिळाएवढे स्क्रू फिरवलेल्या माणसाला तू बाण काढून दाखवलेस.

बटण दाबलं आणि दाढीचा ब्रश हातात घेईपर्यंत पडदा उजळून तयार. मोबाइलवाल्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, बघा, सांगत नव्हतो? मी म्हटलं, होय बाबा.

तो गेल्यावर नेहमीसारखा पेटीवर हात ठेवला. काही लागेना. पंख्याची थरथर होती, पण ती आपली एकसुरी. डिस्क कशी धावायची, अडखळायची, विचार केल्यासारखी थांबायची, मग एकदम काहीतरी आठवल्यासारखी पुन्हा सुटायची. आता आत कुणी काम करतंय की रिकामं बसलंय, बोटाला कळतच नाही. मी बराच वेळ हात ठेवून बसलो. मग बंद केला. तुझी वस्तू उत्तम आहे, तिला मी नावं ठेवत नाही. सवयीचा प्रश्न आहे, होईल.

जुनी डिस्क पाठवली आहे. भिंतीवरच्या घड्याळाच्या लाकडी पेटीत, आत कापूस, बाहेर माझा जुना स्वेटर. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, माझी भाची. त्यांनी 'नाजूक' असा शिक्का मारला.

फोनचं म्हणशील तर मी कामात असतो. आणि पत्राचा पहिला भाग वाचला. त्याला उत्तर सुचलं की देईन.

मामा


९ एप्रिल

ती. मामा,

उत्तराला उशीर झाला. तुमची डिस्क हातात आल्यापासून मी दुसरं काही धड केलेलं नाही.

आमच्याकडे एक बंद खोली आहे. तिथे धूळ येऊ देत नाहीत, बोलतही नाहीत. टोपी आणि मास्क घालून आम्ही दोघंजण समोरासमोर बसतो आणि मेलेल्या डिस्का ऐकतो. समोरच्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. त्याच्याशी माझं सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बोलणं होतं. मग वरच्या मजल्यावर जाऊन मी उभ्या उभ्या जेवते, कारण एकटीसाठी खुर्ची ओढावीशी वाटत नाही. हे तुम्हाला कधी कळवायचं नव्हतं. पण आता लपवण्यात अर्थ नाही, कारण तुमचंही मला कळलं आहे.

डिस्क उघडण्याआधी आम्ही तिची आतली नोंद वाचतो. प्रत्येक डिस्क आपण किती वेळा सुरू झालो ते स्वतःच लिहून ठेवते. तुम्हाला हे माहीत नव्हतं ना? तुमच्या डिस्कचा आकडा दोन हजार नऊशे एकसष्ट आहे. मी असताना दोन वर्षांत फार तर चारशे वेळा सुरू केली असेल. उरलेल्या अडीच हजारांना सात वर्षांच्या दिवसांनी भागून बघितलं. रोज एकदा. एखादा दिवसही चुकलेला नसावा.

मग फायली बघितल्या. सगळ्यात शेवटी उघडलेली फाइल मी निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळची. त्यानंतर एकही नाही. नकाशे बघतो म्हणालात, पण तिच्यात नकाशे नाहीतच. ताकाला जाऊन भांडं लपवत होतात, मामा. रोज चालू करायचात आणि काही न उघडता बंद करायचात. का?

दुसरी गोष्ट. मी विचारलं होतं आवाज कसा येतो. या कामात मी शेकडो लोकांना हा प्रश्न विचारला आहे. कुणी म्हणतं टकटक, कुणी म्हणतं दळण दळल्यासारखं. हात ठेवून सांगणारे तुम्ही पहिलेच. त्या दिवशी मी रागात होते, म्हणून वाचूनही वाचलं नाही. पुढच्या पत्रात पुन्हा तेच, बोटाला कळत नाही. मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून सगळीकडे 'आवाज' हा शब्द शोधला. तुम्ही तो एकदाही लिहिलेला नाही.

मामा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?

म्हणून फोन उचलला नाहीत. आणि म्हणूनच त्या दिवशी मान वर केली नाहीत, असंच ना? मी दारात ओरडून सांगायला हवं होतं. सात वर्षं मी उगाच तुमच्यावर रुसून बसले. तसं असेल तर एवढं एकच वाक्य लिहून पाठवा, मला पुरे.

तुमची भाची


१८ एप्रिल

चिमटे,

तू मला चांगली पळवाट काढून दिलीस. दोन दिवस ती घेऊन बसलो. घेता आली नाही.

उजवा कान तू असतानाच गेला होता, तुला कळू दिलं नाही. घड्याळजीला ऐकू येत नाही म्हटलं तर गिऱ्हाईक कोण येणार? पण डावा शाबूत होता. आणि तू दारात माझ्या डाव्या हाताला उभी होतीस. दोन्ही वेळा ऐकलं. भिंगाखाली घड्याळही नव्हतं, रिकाम्या टेबलाकडे बघत होतो. मान वर केली असती तर तुला जाऊ नको म्हणालो असतो, आणि ते म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण निदान बघायला हवं होतं. तेवढं केलं नाही. आडमुठेपणाच होता, दुसरं काही नाही.

पहिल्या वर्षीचा फोनही ऐकू यायचा. रविवारी सकाळी मी त्याची वाट बघायचो, आणि वाजला की हात मांडीखाली घालून बसायचो. पुढच्या रविवारी उचलू, असं दर रविवारी म्हणायचो. मग एकदा वाजला नाही. त्या सुमारास डावा कानही उतरायला लागला होता. तू थांबलीस की माझा कान थांबला, हे कळायला मला काही मार्गच उरला नाही. तू अजून करत असशील आणि मलाच कळत नसेल, असं समजून मी पुष्कळ रविवार काढले. त्यात थोडं बरंही वाटायचं.

आता माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखतो आणि घड्याळ दातांत धरून बघतो. दातांतून टिकटिक कळते. गिऱ्हाइकाला वाटतं म्हातारा भुकेला आहे.

डिस्कचं विचारलंस. घड्याळाला चावी दिली नाही तर आत तेल गोठतं आणि मग ते कायमचं बसतं. दुकानात लोक ठेवून गेलेली घड्याळं मी रोज सकाळी चावी देऊन चालती ठेवायचो, तुला आठवत असेल. मालक कित्येक वर्षांनी आला तरी घड्याळ चालतं मिळालं पाहिजे. तुझ्या कॉम्प्युटरलाही तसंच वाटलं. रोज सकाळी चालू करायचा, तासभर हात ठेवून बसायचं, मग बंद. आत काही उघडायची भीती वाटायची, तुझं काही पुसलं जाईल म्हणून. घरात चालतंफिरतं असं ते ठोके तेवढेच होते. बाकी सगळं शांत आहे, चिमटे. भांडं पडलं तरी शांत. तुला शाबूत मिळावी म्हणून ज्या डिस्कला चावी देत राहिलो, ती माझ्याच हातानं झिजली. असली चूक घड्याळजीच करू जाणे.

वही गेली असेल तर लिही, गेली म्हणून. मी ऐकू शकतो. म्हणजे वाचू शकतो.

आणि कीव येऊन काही करू नकोस. उभ्यानं जेवत जाऊ नकोस. खुर्ची ओढत जा.

मामा


२६ एप्रिल

ती. मामा,

तुम्ही खरं लिहिलंत त्याचा आधी राग आला, मग रडू आलं. पळवाट घेतली असतीत तर मी तुम्हाला लगेच माफ केलं असतं आणि आणखी सात वर्षं आले नसते. आता माफ केलं आहे की नाही ते मला सांगता येत नाही. पण उशीर फक्त तुमच्याकडून झाला नाही. फोन उचलत नाहीत म्हटल्यावर माणूस गाडीत बसून येतो. मीही बसले नाही. मलाही तुमच्याच हातचं वळण आहे.

वही निघाली. तीनशेदहा नोंदी पूर्ण मिळाल्या. चष्मेवाल्यानं दोन रविवार माझ्यासोबत बसून काढले, त्या दिवसांत आम्ही नेहमीपेक्षा बरंच बोललो. शेवटची तीनशेअकरावी नोंद मात्र अर्धी आहे. आधी वाटलं तेवढी जागा खराब झाली असेल. तसं नाही, आपणच ती अर्धी ठेवली होती. 'बायकांचं मनगटी घड्याळ, चावीचं, काच तडकलेली. पाण्यात पडलं होतं. मागचं झाकण उघडल्यावर,' इतकंच आहे. झाकण उघडल्यावर काय दिसलं ते तुम्ही दुसऱ्या दिवशी सांगणार होतात, आणि दुसऱ्या दिवशी मी निघाले. तुम्हाला आठवतं का? आठवत असेल तर लिहू नका, मला समोर सांगा.

तुम्ही म्हणाल होईल सवय, पण एसएसडी एकटी त्या घरात पुरायची नाही. ती राहू दे, कामाला ती चांगली आहे. तिच्या शेजारी दुसरी जागा रिकामी आहे, तिथे हार्ड डिस्क बसवू. मी पाच-सहा तपासल्या. खोलीचं दार लावून एकेकीवर हात ठेवला, डोळे मिटले. बहुतेक नव्या डिस्का फारच सभ्य असतात. एक मिळाली, जरा जुन्या वळणाची. धावते, अडखळते, थांबते. वही तिच्यात भरली आहे, आणि दुसरी प्रत मी इथे ठेवली आहे.

ही पोस्टात टाकणार नाही. मांडीवर घेऊन आणते. येत्या शुक्रवारी दुपारी पोचेन, आणि दहा दिवस राहीन. पुढचं मला माहीत नाही, आत्ता विचारू नका.

दाराला आतून कडी घालू नका, वाजवलं तरी तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही टेबलाशीच बसा. मी आत येऊन टेबलावर बोटानं दोन ठोके देईन. तेव्हा मान वर करा.

चिमटी